डब्यात आधी काय होतं?

मागच्या वैशाखात बोईसरच्या एका वस्तीत आम्ही बायकांचं हिमोग्लोबिन तपासत होतो. विहारासमोर सतरंजी टाकली होती. पंचविशीतली एक बाई बोटाला कापूस दाबून उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, घरी चला ना, माझी बाग बघा." तिचं हिमोग्लोबिन ८.४ आलं होतं. मला तसंही तिच्या घरी जाऊन ती काय शिजवते, काय खाते ते बघायचंच होतं.

खोली दहा बाय बाराची. दारासमोर दीड हात ओटा. त्या ओट्यावर एक निळा ड्रम उभा कापून आडवा ठेवलेला, त्यात माती आणि मातीत मिरची-वांग्याची बोटभर रोपं. एकेक रोप ताठ, हिरवंगार. तिच्या तोंडावरचा आनंद बघून मलाही बरं वाटलं. कौतुक करायला खाली वाकले, तर ड्रमच्या बुडाशी अर्धं फाटलेलं लेबल दिसलं. लाल चौकोनात कवटी आणि दोन हाडं. रसायनाच्या इंग्रजी नावाची पुढची अक्षरं फाटून गेलेली.

"हा कुठून आणला?"

"भंगारवाल्याकडून. दोन घेतले. एक कापला."

"आणि दुसरा?"

"दुसऱ्यात पाणी भरते. पण ताई, धुतलाय चांगला. राखेनं घासला, साबणानं घासला, दोन दिवस उन्हात ठेवला."

तिनं तिच्या परीनं सगळी काळजी घेतली होती. चूक एकच झाली. डबा घेताना जो प्रश्न विचारायचा तो राहून गेला. यात आधी काय होतं? या महिन्याचं आरोग्याचं पान त्या एका प्रश्नासाठी आहे. घरातल्या जुन्या डब्या-बाटल्यांत रोपं कशी करायची हे सांगणारच आहे, पण आपण राहतो तिथे हा प्रश्न आधी सुटला पाहिजे.

आपण कुठे राहतो?

तारापूर औद्योगिक वसाहतीत रसायनं, औषधं, रंग, कापड आणि पोलादाचे कारखाने आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातल्या शंभर औद्योगिक क्षेत्रांचं प्रदूषण मोजलं, तेव्हा तारापूर ९३.६९ गुणांनी सगळ्यात वर होतं. परीक्षेत पहिलं येण्याचा हा मान आपल्याला नको होता. त्या कारखान्यांत आपलीच माणसं कामाला जातात आणि तिथून रिकामी झालेली पिंपं, कॅन, गोण्या भंगाराच्या वाटेनं आपल्याच वस्तीत येतात. मजबूत असतात, स्वस्त असतात. पाण्याची टंचाई असलेल्या घराला ड्रम म्हणजे सोन्यासारखा.

रसायनाने दूषित झालेला रिकामा ड्रम कायद्यानं साधं भंगार नाही. घातक आणि इतर कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत असे ड्रम आणि डबे घातक कचऱ्यात मोडतात. ते परवानाधारक प्रक्रिया केंद्राकडेच गेले पाहिजेत, वस्तीत विकायला येताच कामा नयेत. येत असतील तर तो आपल्या बाईच्या अडाणीपणाचा दोष नाही, पाठवणाऱ्याचा गुन्हा आहे. हे आधी स्वच्छ समजून घेऊ.

आता धुण्याबद्दल. निळं प्लास्टिक काचेसारखं घट्ट नसतं. त्यात महिनोन् महिने एखादं द्रावण भरलेलं असेल तर ते प्लास्टिकच्या जाडीत मुरतं. वरून घासलं की वास जातो, मुरलेलं आत राहतं आणि हळूहळू पाण्यात, मातीत उतरतं. सगळेच ड्रम विषारी असतात असं मी म्हणत नाही. पण कुठला विषारी आणि कुठला नाही हे डोळ्यांनी कळत नाही, नाकानंही कळत नाही. म्हणून नियम एकच ठेवायचा. आधी काय होतं ते माहीत नसेल, तर तो डबा घरात नको. रोपाला नको आणि पाण्याला तर मुळीच नको. रोपापेक्षा पाण्याचा धोका मोठा, कारण पाणी रोज पोटात जातं.

आणखी एक गोष्ट घरातल्या पुरुषमंडळींना सांगा. बंद ड्रम ग्राइंडरनं किंवा गॅस कटरनं कापायला घेऊ नका. आत ज्वलनशील द्रावणाची वाफ उरलेली असेल तर ठिणगी पडताच ड्रम फुटतो. रिकामा दिसणारा ड्रम भरलेल्या ड्रमइतकाच धोक्याचा असतो, काही वेळा जास्त.

मग रोपं करायचीच कशाला?

कारण आपल्या घरात रक्त कमी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० बायकांपैकी ५४ जणींना रक्तक्षय निघाला. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत हे प्रमाण १०० मागे जवळपास ६९ होतं. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय. गरोदर बाईचं ११ च्या खाली, लहान मुलाचंही ११ च्या खाली.

बाईनं रोज साधारण १०० ग्रॅम पालेभाजी खावी असं हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. वस्तीत विचारा, आठवड्यातून किती वेळा पालेभाजी शिजते? जुडी महाग झाली की आधी पालेभाजी सुटते, बटाटा राहतो. जी भाजी फुकट मिळते ती बऱ्याचदा नाल्याच्या काठचा अळू असतो. त्या अळूची पानं मोठी, काळसर, सुंदर दिसतात. पण मुळं जे पाणी पितात त्यातलं पानांत येतं. कारखान्यांचं पाणी वाहणाऱ्या नाल्याकाठचा अळू, माठ, शेवाळ्याशेजारची चिवळ, काहीही तोडू नका. मुलांनाही सांगून ठेवा.

आपल्याला जमीन नाही, हे खरं आहे. ६ डिसेंबर १९६४ ला कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा लाखो माणसं तुरुंगात गेली. त्यांच्यात आपल्या आज्या-आजोबा होत्या. जमिनीचा तो प्रश्न दोन डब्यांनी सुटणार नाही आणि सुटला असं कोणी म्हणू नये. पण तो सुटेपर्यंत ओट्यावरच्या दीड हात जागेत स्वच्छ मातीतली मूठभर भाजी आपल्या हातात असू शकते. तेवढ्यापुरतंच हे बोलणं आहे.

हे डबे चालतील

आपल्याच स्वयंपाकघरातले. ज्यात आपण स्वतः खाण्याची वस्तू आणली आणि आपणच रिकामा केला, तो डबा.

• रोपं करायला: दह्याचे, आइस्क्रीमचे कप, दुधाची अर्ध्या लिटरची पिशवी, नारळाची करवंटी, पाण्याची बाटली आडवी कापून, बिस्किटाच्या खोक्यातला खणांचा ट्रे, अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे. तीन-चार बोटं खोली पुरते.

• पालेभाजीला: फुटकी बादली, जुनं घमेलं, तडा गेलेला टब, फळांचं खोकं आतून पिशवी लावून. वीतभर खोली हवी.

• मिरची, वांगं, टोमॅटोला: खाद्यतेलाचा १५ किलोचा डबा, तेलाचा पाच लिटरचा कॅन, फुटका माठ, तांदळाची किंवा पिठाची रिकामी गोणी. हातभर खोली असली तर उत्तम.

पत्र्याच्या डब्याच्या कडा हातोडीनं आत मुडपून घ्या, नाहीतर मुलांचे हात कापतात. पत्रा उन्हात तापतो आणि मुळं भाजतात, म्हणून बाहेरून चुना लावा किंवा गोणपाट गुंडाळा. भोकं दाभणानं किंवा खिळ्यानं पाडा. खिळा तापवून प्लास्टिकला भोक पाडायचं असेल तर घराबाहेर पाडा, तो धूर मुलांच्या नाकात जाऊ देऊ नका. कपाला तीन भोकं, बादलीला आठ-दहा. बुडाला विटेचे तुकडे नाहीतर करवंटीचे तुकडे टाका.

हे डबे चालणार नाहीत

रसायनांचे ड्रम आणि कॅन, कीटकनाशकाची बाटली, संडास साफ करायच्या अ‍ॅसिडची बाटली, ऑइलचा आणि ग्रीसचा डबा, बॅटरीचं खोकं, रसायनांच्या किंवा रंगाच्या पावडरीच्या गोण्या. रंगाचा डबाही नको. घरगुती रंगात शिसं दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त असू नये असा नियम २०१७ पासून लागू झाला, पण तो कारखान्यात वापरायच्या रंगांना लागू नाही. भंगारात आलेला डबा कुठल्या रंगाचा हे आपल्याला कळत नाही.

प्लास्टिकच्या बुडाशी त्रिकोणात १, २, ५ असे आकडे असतात. काही जणी विचारतात, २ नंबर चांगला ना? तो आकडा प्लास्टिकची जात सांगतो. त्या डब्यात आधी काय भरलं होतं ते सांगत नाही. दुधाचा कॅन २ नंबरचा असू शकतो आणि अ‍ॅसिडचा ड्रमही २ नंबरचाच असू शकतो.

माती कुठली आणायची?

डबा स्वच्छ आणि माती नाल्याकाठची, असं केलं तर सगळं पाण्यात. गटारातून काढलेला गाळ, रस्त्यासाठी टाकलेला भराव, कारखान्याच्या भिंतीलगतची माती, भट्टीची राख घेऊ नका. गावाकडे कोणी जाणार असेल तर भातशेतीच्या बांधावरची एक गोणी माती आणायला सांगा. पालघर, वाडा, विक्रमगडकडून येणारं कोणीतरी प्रत्येक वस्तीत असतं. नाहीतर रोपवाटिकेतून लाल माती घ्या.

दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग भाताचा तूस. तूस आपल्याकडच्या भातगिरणीवर मिळतो. त्यानं माती हलकी राहते आणि पाणी साचत नाही. समुद्राची रेती घालू नका, मिठानं रोप जळतं. शेण ताजं नको, पूर्ण कुजलेलं, मातीसारखा वास येणारं हवं.

ही माती रोपांसाठी वापरण्याआधी जरा ओली करून पारदर्शक प्लास्टिकखाली पसरून वैशाखाच्या उन्हात तीन-चार आठवडे तापू द्या. बुरशी आणि तणाचं बी मरतं. तेवढा वेळ नसेल तर मातीवर उकळतं पाणी ओता आणि ती पूर्ण गार झाल्यावर वापरा.

पुढे माती घरीच तयार होते. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी उपाहारगृहाच्या ओल्या कचऱ्याचंच खत करून भाज्या आणि फळझाडं वाढवली. आपल्याकडे गच्ची नाही, पण भाजीची देठं, कांद्याची सालं, चहाचा चोथा रोज निघतो. भोकं पाडलेल्या बादलीत एक थर ओला कचरा, एक थर सुका पाला किंवा माती असं घालत जा. दोन-तीन महिन्यांत खत होतं. मीठ-तेलाचं शिजलेलं अन्न त्यात नको, उंदीर येतात.

बी पेरताना

मेथी आणि धणे किराणा दुकानातलेच चालतात. धणे लाटण्यानं रगडून दोन फाका करा आणि रात्रभर भिजवा. लाल माठाचं बी मोहरीहून बारीक असतं, ते चिमूटभर कोरड्या मातीत मिसळून भुरभुरवा, म्हणजे एकाच जागी पडत नाही. पालेभाजी जिथे वाढवायची तिथेच पेरायची, तिचं रोप उपटून लावायची गरज नाही.

रोप करायचं ते मिरची, वांगं, टोमॅटोचं. दुधी, दोडका, कारल्याचंही कपात करता येतं. बियाणं कृषी सेवा केंद्रातून लहान पाकीट घ्या, ते चार-पाच घरांना पुरतं.

१. कपात माती भरा, काठाखाली बोटभर जागा सोडा. आधी पाणी घालून माती ओली करा.

२. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट खोल टाका. बारीक बी खोल गेलं तर वर येत नाही.

३. बाटलीच्या झाकणाला सुईनं भोकं पाडा, झाली झारी. मग्यानं पाणी ओतलं तर बी वाहून जातं.

४. वरून ओलं फडकं किंवा कागद झाका. कोंब दिसला त्याच दिवशी काढा. एक दिवस उशीर झाला तरी रोप पिवळं आणि लांबुडकं होतं.

५. मेथी तीन-चार दिवसांत, माठ चार-पाच, दुधी आणि टोमॅटो आठवड्याच्या आत-बाहेर, वांगं दहा दिवसांपर्यंत, मिरची आणि धणे बारा दिवसांपर्यंतही घेतात. मिरची उगवली नाही म्हणून आठव्या दिवशी कप उकरू नका.

६. रोपाला रोज चार तास तरी ऊन हवं. ओट्यावर सकाळचं ऊन येत असेल तर तीच जागा. खोलीत ठेवलेलं रोप उजेडाकडे वाकतं आणि बारीक राहतं.

रोपं चांगली उगवून एका रात्रीत देठाशी पिचून आडवी पडली तर त्याला रोपं कोलमडणं म्हणतात. ती बुरशी असते, कोणाची दृष्ट नाही. पाणी जास्त झालं, रोपं दाट झाली, वारा नाही, हीच कारणं. पडलेली रोपं उपटून टाका, बाकीची विरळ करा, मातीचा वरचा थर सुकल्याशिवाय पाणी देऊ नका. पाणी सकाळी द्या, संध्याकाळी नको.

टोमॅटो आणि वांग्याचं रोप चार-पाच आठवड्यांत, मिरचीचं पाच-सहा आठवड्यांत वीतभर होतं. मोठ्या डब्यात हलवण्याआधी आठवडाभर पाणी थोडं कमी करा आणि ऊन वाढवत न्या, म्हणजे रोप काटक होतं. संध्याकाळी लावा. दुधाची पिशवी ब्लेडनं चिरून मातीचा गोळा तसाच उचला, मुळं हलू देऊ नका. तेलाच्या एका डब्यात एकच रोप. दोन लावली तर दोन्ही उपाशी राहतात.

पाणी म्हणून तांदूळ आणि डाळ धुतलेलं पाणी चालतं. साबणाचं पाणी रोपाला नको. बोअरच्या पाण्याला रंग किंवा वास असेल तर ते झाडालाही नको.

आपल्या सणांचं वेळापत्रक

तारखा लक्षात राहत नाहीत, पण आपले दिवस सगळ्यांच्या लक्षात असतात. म्हणून मी ते असं जोडून सांगते.

बुद्ध पौर्णिमा: डबे गोळा करा, माती तापवा. मे संपताना दुधी, दोडका, कारल्याचं बी कपात टाका. पहिला पाऊस पडून जमीन भिजली की वेल मोठ्या डब्यात जातो आणि दोरीनं पत्र्यावर चढतो.

आषाढ पौर्णिमा, वर्षावासाची सुरुवात: आपल्याकडचा पाऊस रोपाला झोडपून काढतो. या काळात टोमॅटोच्या नादी लागू नका, सडतो. घराच्या वळचणीखाली ट्रेमध्ये मेथी, मोहरी दाट पेरा आणि बोटभर झाली की कापून वरणात टाका. स्वच्छ मातीतला अळू डब्यात लावायला हाच काळ. अळूत चिंच घालायला विसरू नका, घसा खवखवत नाही.

अशोक विजयादशमी आणि १४ ऑक्टोबर: वर्षाची मुख्य पेरणी हीच. पाऊस गेलेला, थंडी यायची. टोमॅटो, वांगं, मिरचीचं बी याच दिवशी कपात टाका. माठ, मेथी, पालक, कोथिंबीर दर पंधरा दिवसांनी थोडी थोडी पेरत जा, म्हणजे एकदम संपत नाही. माठ आणि मेथी महिन्याभरात कापायला येतात.

६ डिसेंबर: तोवर रोपं मोठ्या डब्यांत स्थिरावलेली असतात. चैत्यभूमीला जाताना शेजारणीला पाणी घालायला सांगून जा. टोमॅटो माघात लागतो.

१४ एप्रिल: ऊन चढलं की डबे सावलीत सरकवा. चांगल्या वांग्याचं, मिरचीचं एक-एक फळ झाडावरच पिकू द्या आणि बी वाळवून कागदात बांधा. पाकिटावर संकरित लिहिलेलं असेल तर त्याचं बी पुढच्या वर्षी तसंच फळ देईलच असं नाही.

नर्स म्हणून चार सूचना

वॉर्डात काम करत असताना मी पावसाळ्यात डेंगीचे पेशंट बघितले आहेत. म्हणून पहिली सूचना डासांची. बिनभोकाचा प्रत्येक रिकामा कप, करवंटी, डबा पावसात भरला की त्यात डेंगीचा डास अंडी घालतो. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा दिवस. कुंडीखालच्या ताटल्या ओता, पुसा, न लागणारे डबे पालथे घाला. बागेसाठी जमवलेला पसारा आजाराचं घर होता कामा नये.

दुसरी, पाकिटातलं गुलाबी, निळं, हिरवं दिसणारं बी औषध लावलेलं असतं. ते खायचं नाही, मुलांच्या हाती द्यायचं नाही, पेरल्यावर साबणानं हात धुवायचे.

तिसरी, गंजलेल्या पत्र्यानं किंवा शेणामातीत हात कापला तर हळद लावून गप्प बसू नका. साबण आणि वाहत्या पाण्यानं जखम धुवा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात धनुर्वाताचं इंजेक्शन लागतं का ते विचारा. मुलं मातीत खेळणार, त्यांची नखं कापा आणि शाळेत-अंगणवाडीत मिळणारी जंताची गोळी चुकवू नका. पोटातले जंत मुलांचं रक्त कमी करतात.

चौथी, आपल्या हवेत धूळ आणि काजळी आहे. पानं तोडल्यावर दोन-तीन पाण्यांनी धुवा, आधी धुवा आणि मग चिरा.

भाजी आणि गोळी

हे न सांगता लेख संपवला तर मी खोटं बोलल्यासारखं होईल. हिमोग्लोबिन ८ असलेल्या बाईचं रक्त डब्यातल्या माठानं भरून येत नाही. तिला लोहाची गोळी लागते. गरोदर बाईला सरकारी दवाखान्यात लाल गोळी रोज एक, किमान १८० दिवस मोफत मिळते. शाळेतल्या मुलींना आठवड्याला निळी गोळी मिळते. शौच काळी होते, मळमळतं म्हणून गोळ्या डब्यात साठतात, ते मी घरोघर बघते. जेवणानंतर तासाभरानं किंवा रात्री झोपताना घ्या, मळमळ कमी होते. चहाबरोबर घेऊ नका आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबरही घेऊ नका.

पालेभाजीतलं लोह शरीर थोडंच उचलतं. लिंबू, टोमॅटो, कच्ची मिरची, आवळा सोबत असेल तर जास्त उचलतं. जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी उचलतं. म्हणून ओट्यावर माठाच्या डब्याशेजारी मिरची आणि टोमॅटोचा डबा हवा. भाजी रक्त टिकवते, मुलांच्या पानात रोज काहीतरी हिरवं ठेवते. उपचाराचं काम गोळीचं. महिनाभर गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढलं नाही तर सिकलसेलची तपासणी मागा. हा आजार आपल्या जिल्ह्यातल्या आदिवासी समाजात आहे आणि विदर्भातल्या बौद्ध समाजातही आहे, तिकडून आलेली कुटुंबं आपल्या वस्त्यांत आहेत.

विहारात एक ट्रे

श्रीलंकेच्या महावंस ग्रंथात कथा आहे, सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा बोधिवृक्षाची फांदी सोन्याच्या पात्रात लावून समुद्रापार अनुराधपुरला घेऊन गेली. ते झाड आजही पुजलं जातं आणि नागपूरच्या दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष त्याच अनुराधपुरच्या झाडाचा वंश आहे. अशोकानं आपल्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधी वनस्पती, मुळं, फळं जिथे नव्हती तिथे आणून लावल्याचं नोंदवलं आहे. त्याच अशोकाच्या एका शिलालेखाचा तुकडा १८८२ मध्ये आपल्या नालासोपाऱ्याला भगवानलाल इंद्रजींना सापडला. म्हणजे रोप पात्रात घालून एका गावाहून दुसऱ्या गावी नेणं, लोकांच्या आरोग्यासाठी लावणं, ही आपल्याला परकी गोष्ट नाही. आपलं पात्र सोन्याचं नाही, दुधाच्या पिशवीचं आहे, एवढाच फरक.

म्हणून एक सुचवते. प्रत्येकीनं घरी बी टाकण्यापेक्षा १४ ऑक्टोबरला विहाराच्या ओट्यावर दोन-तीन ट्रे करा. बी एकत्र आणा, पाण्याची पाळी लावा, नोव्हेंबरात प्रत्येक घराला मिरचीची दोन, टोमॅटोचं एक, वांग्याचं एक रोप द्या. पहिली रोपं गरोदर आणि बाळंत बायकांच्या घरी जाऊ द्या. उमेद अभियानाच्या बचत गटांत असाल तर त्यांच्या 'माझी पोषण परसबाग' मोहिमेबद्दल विचारा. डहाणूजवळच्या कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात बियाण्याबद्दल आणि रोगाबद्दल सल्ला मिळतो.

आणि त्याच बैठकीत वस्तीतल्या ड्रमांची मोजणी करा. कोणाच्या घरी किती, कशाचं लेबल, कुठून घेतले, ते वहीत लिहा आणि लेबलचे फोटो काढा. बोईसरला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं कार्यालय आहे. तिथे लेखी तक्रार द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. एकट्या बाईनं ड्रम फेकला तर तो उद्या दुसऱ्या वस्तीत विकला जातो. चाळीस घरांनी सही केली तर कोणाला तरी उत्तर द्यावं लागतं. ग्रामपंचायतीकडे पाण्याचा अर्जही त्याच दिवशी करा, कारण नळाला रोज पाणी आलं तर ड्रमची गरजच निम्मी होईल.

त्या बाईचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. पाण्याचा ड्रम तिनं त्याच दिवशी रिकामा केला. कापलेल्या ड्रममधली रोपं उपटताना तिला वाईट वाटलं, मलाही वाटलं. त्यातली माती तिनं टाकून दिली. गोळ्या सुरू केल्या. ऑक्टोबरात तिनं तेलाच्या डब्यात, दुधाच्या पिशव्यांत पुन्हा सगळं पेरलं. माघात तिच्याकडे गेले तेव्हा हिमोग्लोबिन १०.९ होतं. बाराला पोचायला अजून बाकी आहे. निघताना तिनं चार टोमॅटो कागदात बांधून दिले. शेजारीण नवा डबा घेऊन दारात उभी होती. तिनं तिला आधी विचारलं, "यात आधी काय होतं गं?"